दहा बाय दहातला खर्ज

डोंबिवलीतल्या वन बीएचकेची बेडरूम मोजायला टेप लागत नाही. दहा बाय दहा, फार तर दहा बाय अकरा. त्यात सहा बाय सव्वासहाचा डबल बेड, एका भिंतीला लोखंडी कपाट, दुसरीला मुलांचं अभ्यासाचं टेबल, खिडकीला सरकत्या काचा आणि दारावर माळा. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा कल्याण-शिळ रस्त्यावरच्या नव्या वसाहतीत टू बीएचके घेतलं, तरी दुसरी बेडरूम सहसा याहून मोठी नसते. दोन खोल्यांच्या घरातल्या धाकट्या खोलीला साडेसात चौरस मीटर, म्हणजे जेमतेम ८० चौरस फूट, एवढं क्षेत्र राष्ट्रीय इमारत संहिता पुरेसं मानते.

दिवाळीचा बोनस हातात आला की याच खोलीसाठी साउंड सिस्टिमची चौकशी सुरू होते. हॉलमध्ये टीव्ही असतो, मालिका असतात, पाहुणे असतात. स्वतःचं गाणं ऐकायला उरते ती बेडरूम. दुकानात गेल्यावर समोर दोन टोकं येतात. एका टोकाला मुठीत मावणारा ब्लूटूथ स्पीकर, दुसऱ्या टोकाला वेगळ्या सबवूफरचा होम थिएटरचा संच. पहिला सोयीचा आहे, पण त्यात डावं-उजवं जवळजवळ नसतं. दुसरा या खोलीत बसत नाही, आणि जागा करून बसवला तरी नीट वाजत नाही. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, ज्याच्याकडे आपल्याकडचा ग्राहक फारसा वळत नाही: बुटांच्या खोक्याएवढ्या दोन लाकडी पेट्या, प्रत्येकीत खालच्या सुरांसाठी चार-पाच इंचांचा वूफर आणि वर, वरच्या सुरांसाठी, छोटा ट्वीटर. बाजारात यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात. ठाणे-कल्याणच्या बेडरूमसाठी ही तडजोड नसून हाच नेमका पर्याय आहे, आणि त्याचं कारण खोलीच्या मापातच दडलेलं आहे.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फुटांचं, म्हणजे साधारण तीन मीटरचं अंतर असेल, तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या दोन भिंतींत अडकून घुमू लागतो. खोली दहा बाय दहाची असेल, तर लांबी आणि रुंदी दोन्हींचा घुमारा एकाच सुरावर येतो. छत साडेनऊ फुटांवर असेल, तर उंचीचा घुमारा ५९ हर्ट्झवर, म्हणजे त्यालाच खेटून. तिन्ही बाजूंनी एकाच जागी जोर लागतो. अशा खोलीत सबवूफर ठेवला की गाण्यातला तेवढा एक सूर फुगतो आणि बाकीचे त्याखाली दबतात. बास गिटारच्या चालीतले चार स्वर वेगवेगळे ऐकू येण्याऐवजी एकच बुम-बुम ऐकू येतं. ग्राहक स्पीकरला नावं ठेवतो, पण वाजत असते ती खोली.

बांधकामानुसार यात फरक पडतो. जुन्या चाळीत लाकडी पार्टिशन आणि वर कौलं असायची. तिथून खर्जाचे सूर सहज बाहेर निसटत. त्यामुळे खोलीत घुमारा कमी राही, शेजाऱ्याला मात्र सगळं ऐकू जाई. विटांच्या भिंतींच्या जुन्या इमारती मध्ये कुठेतरी येतात. आताच्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला सगळे मायवान म्हणतात, भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. काँक्रीट ताठ असतं, खर्ज फारसा गिळत नाही, जवळजवळ तसाच परत फेकतं. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर उघडा स्लॅब. गादी, उशा आणि पडदे वरचे सूर शोषतात, पण ५६ हर्ट्झच्या लाटेची लांबी सहा मीटर असते. तिच्यापुढे पडद्याचं काही चालत नाही.

मग प्रश्न असा की या खोलीत ऐकायचं काय आहे? कल्याणात गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव भरतो, भास्करबुवा बखल्यांच्या आठवणीचा. ठाण्यात महापालिका राम मराठ्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव घेते, मराठेबुवा ठाण्याचेच. जनकवी पी. सावळारामही ठाण्याचे, आणि या शहराचे नगराध्यक्षसुद्धा होते. ख्याल, नाट्यगीत, भावगीत, अभंग, जुनी हिंदी चित्रपटगीतं, या पट्ट्यातल्या मोठ्या श्रोतृवर्गाचा कान या आवाजांवर घडलेला आहे. या संगीताला खालच्या बाजूला कुठपर्यंत जावं लागतं, ते मोजता येतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो. त्याच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. काळी चार किंवा पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज शंभराच्या वरच राहतो. डग्ग्याचा घुमारा शंभराच्या आगेमागे खेळतो.

म्हणजे ६० ते ६५ हर्ट्झपर्यंत स्वच्छ पोचणारा छोटा स्पीकर या गाण्याचा तळ पूर्ण गाठतो, आणि खोलीचा स्वतःचा घुमारा जिथे सुरू होतो तिथे तो आपणहून थांबतो. मोठा स्पीकर त्याखाली जाऊन जे काही मिळवेल, त्यातलं बरंचसं दहा बाय दहाच्या भिंती विस्कटून टाकणार आहेत. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत किंवा अलीकडची बासप्रधान चित्रपटगीतं ज्याला प्रिय आहेत, त्याला ४० हर्ट्झची ओढ वाटणं स्वाभाविक आहे. त्यानेही आधी हेडफोनचा विचार करावा; भिंती मध्ये न आल्यामुळे हेडफोनमध्ये तो तळ अधिक खरा ऐकू येतो.

छोट्या खोक्यातून मोठं काम करून घेण्याचा सगळ्यात नावाजलेला प्रयोग बीबीसीच्या अभियंत्यांनी केला, आणि त्यांची अडचण डोंबिवलीकरांसारखीच होती. बाहेरच्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणासाठी बीबीसीच्या व्हॅन जात. व्हॅनमधल्या चिंचोळ्या जागेत तंत्रज्ञाला आवाजाचा तोल जोखायचा असे. मोठा मॉनिटर मावत नव्हता, हेडफोनवर सगळं कळत नव्हतं. बीबीसीच्या संशोधन विभागाकडे एक इवलं खोकं आधीच होतं. स्टुडिओची छोटी प्रतिकृती करून तिचं ध्वनिशास्त्र तपासण्याच्या प्रयोगांसाठी ते बनवलं होतं. त्याचा आवाज अनपेक्षितपणे चांगला निघाला. त्यातून पुढे एलएस३/५ए हा स्पीकर आकाराला आला. त्याची रचना सांगणारा हारवुड, व्हॉटन आणि मिल्स यांचा अहवाल ऑक्टोबर १९७६चा आहे.

उंची फूटभर, रुंदी साडेसात इंच, खोली त्याहून थोडी कमी. आत केईएफ कंपनीचा ११० मिलिमीटरचा वूफर आणि छोटा डोम ट्वीटर. खोकं पूर्ण बंद, पोर्ट म्हणजे हवेसाठीचं भोक नाही. पातळ प्लायवुडच्या भिंतींना आतून जड डांबरी थर, म्हणजे लाकूड स्वतः गाऊ लागणार नाही. खर्ज खोलवर जात नाही हे अभियंत्यांनी मान्य केलं. माणसाचा आवाज माणसासारखा यावा, एवढी एक गोष्ट त्यांनी हट्टाने धरून ठेवली. स्पीकर जोखताना बीबीसीत बोलण्याचा आवाज ही मुख्य कसोटी असे, कारण ओळखीच्या माणसाच्या आवाजात जराही नाकातलं किंवा डब्यातलं काही मिसळलं की कानाला लगेच कळतं. वादक मंडळींच्या गर्दीत तोच दोष लपून जातो. परवाना घेऊन रॉजर्स, स्पेंडॉर अशा अनेक कंपन्यांनी हा स्पीकर बनवला. व्हॅनसाठी जन्मलेलं खोकं जगभरच्या घरांतल्या छोट्या खोल्यांत जाऊन बसलं. केईएफने आपल्या पन्नास वर्षांच्या निमित्ताने २०१२मध्ये आणलेला एलएस५० त्याच परंपरेतला.

बीबीसीच्या या कसोटीसाठी मराठी श्रोत्याच्या घरात तयार साहित्य आहे. पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाचं ध्वनिमुद्रण घ्यावं आणि दुकानात तेच वाजवायला सांगावं. तो आवाज इथल्या कित्येक घरांना पाठ आहे. तो पिंपातून आल्यासारखा वाटला, ‘स’ आणि ‘श’ टोचले, किंवा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा न राहता पसरला, तर त्या जोडीवर आणखी वेळ घालवू नये. दुसरी कसोटी तंबोऱ्याची. सुरात लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो. ६९ हर्ट्झच्या तारेचा पाचवा अंशस्वर म्हणजे साधारण ३४६ हर्ट्झ. चांगला छोटा स्पीकर तो स्पष्ट दाखवतो. जवारीची झणझण त्याच्याही बरीच वर असते. ट्वीटर रखरखीत असेल, तर तिची वाळू होते. तिसरी कसोटी डग्ग्याची मींड. सूर सरकताना मध्येच एका ठिकाणी अचानक मोठा होऊ नये.

दुकानातली ऐकणी फसवी असतात, हेही लक्षात ठेवायला हवं. मॉलमधलं शोरूम प्रचंड, गजबजलेलं, एसीच्या घरघरीचं. तिथे खर्ज विरून जातो, म्हणून जास्त धमक असलेला स्पीकर भरदार वाटतो. घरी आणल्यावर तोच डोकं उठवतो. दोन जोड्या आळीपाळीने ऐकताना एकीचा आवाज एखाद्या डेसिबलने चढा असला, तरी कान तिलाच पसंती देतो. विक्रेत्याला दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगणं हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तो बजावावा.

आकार, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एका पेटीत मिळत नाहीत. अमेरिकेत हेन्री क्लॉस आणि माल्कम लो यांच्यासह केएलएच कंपनी काढणाऱ्या अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. दोन मागा, तिसरी सोडा. छोट्या पेटीतून थोडा खर्ज काढायचा, तर स्पीकर कमी संवेदनशील होतो, म्हणजे तेवढ्याच आवाजाला जास्त वीज खातो. एलएस३/५एची संवेदनशीलता ८२-८३ डेसिबलच्या घरात होती, आजच्या बऱ्याच छोट्या पेट्या ८५च्या आसपास असतात. दिवाणखान्यात ही अडचण ठरली असती. बेडरूममध्ये ऐकणारा दीड-दोन मीटरवर बसलेला असतो, त्यामुळे एका वॅटमध्येच ८० डेसिबलच्या जवळपास आवाज कानापर्यंत येतो. तो भरपूर झाला. चॅनलला १५-२० खरे वॅट असले, तरी तबल्याच्या थापेला पुरून उरतात.

‘खरे’ हा शब्द इथे महत्त्वाचा. नव्वदच्या दशकात कॅसेट-सीडीच्या संचांवर हजारो वॅट पीएमपीओ छापलेले असत. क्षणभराच्या कमाल ताकदीचा तो आकडा कुठल्याही ठरलेल्या पद्धतीने मोजलेला नसे. खोक्यावर फक्त आरएमएस वॅट वाचावेत. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट वाटायला दसपट वॅट लागतात. ३० वॅटऐवजी ५० वॅटचा संच घेण्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते चांगल्या वूफर-ट्वीटरवर घालवणं शहाणपणाचं.

आता शेजाऱ्यांचं बघायला हवं. ठाण्याला हा विषय नवा नाही. इथले डॉ. महेश बेडेकर यांनी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६मध्ये तिच्यावर सविस्तर निकाल देऊन ध्वनिनियमांची कडक अंमलबजावणी करायला सांगितलं. ती लढाई रस्त्यावरच्या लाउडस्पीकरची होती, पण २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत घरातली साउंड सिस्टिमही येते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. खाजगी संचाचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त चढता कामा नये.

भिंत वरचे सूर चांगले अडवते, खालचे वाईट. वारंवारता निम्मी झाली की भिंतीचा अडसर साधारण सहा डेसिबलने कमी होतो. म्हणूनच शेजारच्या घरातलं गाणं ऐकू येत नाही, फक्त ठोके ऐकू येतात. ते ठोके ज्याला नको असतात त्याच्यापर्यंत पोचतात; तो आजारी असेल, पहाटेच्या लोकलसाठी लवकर झोपलेला असेल. खाली ६० हर्ट्झवर थांबणारी पेटी आपल्या खोलीला जेवढी मानवते, तेवढीच पलीकडच्यालाही. सामाईक भिंतीत ठोकलेल्या फळीवर मात्र स्पीकर कधी ठेवू नये. फळीतून थरथर थेट काँक्रीटमध्ये जाते आणि वरच्या-खालच्या मजल्यावर निघते. स्टँड सर्वांत चांगला. ते शक्य नसेल, तर खाली जाड रबराचे तुकडे घालावेत.

रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला एक खरी अडचण येते. आवाज कमी केला की गाणं पातळ, हडकुळं वाटू लागतं. दोष कानाच्या घडणीतला. मंद आवाजात कान खालच्या सुरांना बराच बहिरा होतो, हे अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये मोजून मांडलं. जुन्या जपानी ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण याचसाठी असे. ते दाबलं की मंद आवाजात खर्ज थोडा उचलला जाई. ॲम्प्लिफायर आतच असलेल्या आजकालच्या काही स्पीकरमध्ये हेच काम आतली चिप करते. रात्री अकरानंतरच ज्यांची मैफल सुरू होते, त्यांनी ही सोय आहे का, ते आवर्जून विचारावं. निदान बास कमी-जास्त करायची खुंटी तरी हवी.

जागेचा प्रश्न सगळ्यात अवघड. बहुतेक घरांत स्पीकर कपाटावर किंवा माळ्यावर जातात, कारण तेवढीच जागा मोकळी असते. कपाटाचा पत्रा खर्जाबरोबर थरथरतो, आत टांगलेली हँगर वाजतात, आणि ट्वीटर डोक्यावरून छताकडे गातो. शिवाय तो कोपरा असतो. मागे एक भिंत आली की खर्ज सहा डेसिबलपर्यंत फुगू शकतो, शेजारी दुसरी भिंत आली की आणखी. पोर्ट मागच्या बाजूला असलेला स्पीकर भिंतीला चिकटवणं त्याहून वाईट. बेडरूमसाठी पोर्ट पुढे असलेली किंवा पूर्ण बंद पेटी निवडावी; काही कंपन्या पोर्टमध्ये खुपसायला स्पंजचे बोळे देतात, तेही उपयोगी.

या खोलीत सहसा दोनच जागा नीट जमतात. एक, अभ्यासाचं टेबल: दोन स्पीकर टेबलाच्या दोन टोकांना, तोंड ऐकणाऱ्याकडे किंचित वळवलेलं, आणि आपलं डोकं त्या दोघांइतक्याच अंतरावर. एक मीटरवरून ऐकलं की खोलीच्या भिंती जवळजवळ विषयातूनच बाहेर जातात. दुसरी, पलंगाच्या पायथ्याची भिंत: टेकून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ट्वीटर येईल असे दोन स्टँड. पलंगाच्या उशाशी दोन बाजूंना स्पीकर ठेवायची पद्धत दिसायला छान आहे, पण तिथे आवाज कानाच्या मागून येतो आणि गायक समोर उभा राहत नाही. खिडकीच्या सरकत्या काचा खडखडत असतील, तर रुळात फेल्टची पट्टी सरकवली की भागतं.

खरेदीत पॉवर्ड आणि पॅसिव्ह असे दोन मार्ग. पॉवर्ड जोडीत ॲम्प्लिफायर आतच असतो. दहा ते वीस हजार रुपयांत आता चार इंची वूफरच्या, ब्लूटूथ आणि टीव्हीसाठी ऑप्टिकल इनपुट असलेल्या जोड्या मिळतात. तारांचा पसारा कमी, म्हणून बहुतेक घरांना हाच मार्ग बरा. लॅपटॉप जोडल्यावर गुणगुण ऐकू आली, तर आधी अर्थिंग तपासावं, मग स्पीकरला दोष द्यावा. पॅसिव्ह मार्गात ॲम्प्लिफायर वेगळा. जास्त पैसे, जास्त जागा, पण एक भाग बिघडला तर दुसरा टिकतो, आणि दहा वर्षांनी नुसता ॲम्प्लिफायर बदलता येतो.

हवामानाचा मुद्दा माहितीपत्रकात कुणी छापत नाही. ठाण्याची खाडी आणि चार महिन्यांचा पाऊस, हे दोन्ही वूफरच्या कडेवर परिणाम करतात. शंकूभोवतीची लवचीक कड फोमची असेल, तर दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो. रबराची कड पुष्कळ टिकते. समोरची जाळी काढून बोट अलगद लावलं तरी फरक कळतो.

ही तपासणी नव्या स्पीकरइतकीच जुन्यांनाही लागू. मर्फीचा रेडिओ कारखाना ज्या ठाण्यात होता, तिथल्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी माळ्यांवर नव्वदच्या दशकातल्या म्युझिक सिस्टिमच्या पेट्या पडून आहेत. सीडीचा यांत्रिक भाग मेलेला, पेट्या धडधाकट. फोम गेला असेल, तर लॅमिंग्टन रोडवर नवी कड बसवून मिळते. पेट्यांवर लिहिलेले ओहम पाहून त्यांना छोटा क्लास डी ॲम्प्लिफायर जोडला, की नव्या जोडीच्या काही अंश किमतीत बेडरूमची सोय होते. जोडण्याआधी एक साधी चाचणी करावी. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवायचा, धन टोक लाल खुणेच्या तारेला. खरखर न होता शंकू हलला, तर वूफरची कॉइल शाबूत आहे. दोन्ही पेट्यांचे शंकू बाहेर आले, तर जोडणी बरोबर. एक बाहेर आणि दुसरा आत गेला, तर एका पेटीच्या तारा उलटवायच्या. नाहीतर दोघांचा खर्ज एकमेकांना खोडतो आणि गायकाचा आवाज मध्ये उभा राहत नाही.